वड्याचं तेल वांग्यावर: खिडकीबाहेरचा बोका आणि घरातली मारामारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आणि दोन मांजरं. राणी सहा वर्षांची, पिठू चार वर्षांचा. दोघांची नसबंदी झालेली आणि साडेतीन वर्षं एकमेकांना चाटत, एकाच उशीवर झोपत आलेले. एका रात्री हॉलच्या खिडकीबाहेर, एसीच्या आउटडोअर युनिटवर सोसायटीतला मोकाट बोका येऊन बसला. राणी काचेवर धडका मारू लागली. आवाज ऐकून पिठू जवळ आला आणि राणी त्याच्यावरच तुटून पडली. सोडवायला गेलेल्या, प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या पोटरीचाही चावा घेतला. तासाभराने दोघांना समोरासमोर धरून समेट करायचा प्रयत्न झाला, तेव्हा दुसऱ्यांदा जुंपली. आज पाचवा दिवस. नजरानजर झाली की दोघंही फिस्कारतात. राणी बिघडली का, आणि दोघांपैकी एकाला देऊन टाकावं का?

ताई, राणी बिघडलेली नाही आणि कुणाला देऊन टाकायची वेळही आलेली नाही. पण मांजरांआधी तुमच्या पोटरीचं बघू.

मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात. वरून दोन ठिपके दिसतात, पण लाळेतले जंतू खोलवर जातात आणि वरची कातडी लगेच मिटल्यामुळे आतच अडकतात. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, त्यावर पोव्हिडोन आयोडिन लावायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, पट्टी आवळून बांधायची नाही. कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो. मांजर घरातलं असलं तरी मोकाट मांजरांचा वावर असलेल्या इमारतीत इंजेक्शन घ्यायचं की नाही हे आपण घरी ठरवायचं नसतं. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेला चावा असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. पाच दिवस गेले म्हणून आता काय उपयोग, असं समजू नका, आजच जा. राणीचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते सांगा. चावा हाताच्या बोटांवर किंवा सांध्याजवळ असता, किंवा तुम्हाला मधुमेह असता, तर एक रात्रही थांबू नका असं सांगितलं असतं.

पिठूलाही तपासा. मांजराने मांजराला घेतलेला चावा केसांखाली दिसत नाही. दोन ते पाच दिवसांनी तिथे गळू होतं. शेपटीच्या मुळाशी, मांड्यांवर, मानेवर आणि पुढच्या पायांवर बोटांनी हळू चाचपा. कुठे गरम, फुगीर लागलं, तो अंग चोरू लागला, खाणं कमी झालं, तर ताप असू शकतो, व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरांकडे) न्या. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे ज्याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात, तेच राणीने केलं. बाहेरचा बोका हा तिच्या हद्दीत घुसलेला परका. तिचं शरीर मारामारीला पूर्ण तयार झालं आणि मध्ये काच होती. त्या अवस्थेत मांजर समोर कोण आहे हे ताडून बघत नाही. जे हलेल, जे स्पर्श करेल, त्यावर ते कोसळतं. पिठू तिथे होता म्हणून पिठू, तुम्ही होतात म्हणून तुम्ही. यात सूड नाही, मत्सर नाही.

पण पिठूच्या बाजूने पाहा. त्याने बाहेरचा बोका कदाचित पाहिलाही नसेल. त्याच्या लेखी रोजची राणी अकारण अंगावर आली. तो पळाला, आणि पळणारं मांजर पेटलेल्या मांजराला पाठलागाचं आमंत्रण देतं. आता तो तिला पाहून घाबरतो, अंग चोरतो, फिस्कारतो. राणी त्याचं ते रूप पाहून पुन्हा ताठरते, कारण त्या रात्रीची खळबळ तिच्या डोक्यात पिठूच्या वासाला आणि आकाराला चिकटली आहे. बाहेरचा बोका निघून गेला आणि भांडण घरातल्या घरात उरलं. असं बस्तान एकदा बसलं की ते आपोआप सुटत नाही. त्यामुळे "भांडू दे, आपापसात मिटवतील" हा सल्ला सर्वांत घातक. कुत्र्यांप्रमाणे भांडणानंतर जुळवून घेण्याची रीत मांजरांमध्ये फारशी नसते. प्रत्येक नवी चकमक आधीच्या भीतीवर थर चढवते.

तासाभराने समोरासमोर धरणं हीच तुमच्याकडून झालेली चूक, आणि ती बहुतेक घरांत होते. मांजर वरवर शांत दिसलं तरी आतली खळबळ कित्येक तास टिकते. काही मांजरांत एक-दोन दिवस, क्वचित त्याहून जास्त. या काळात कुकरची शिट्टी, हातातून पडलेला चमचा, दाराची बेल, कशानेही भडका उडतो.

पेटलेलं मांजर ओळखायचं कसं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. खिडकीत बसलेल्या राणीला मागून पाहा. निवांत मांजराचं वजन ढुंगणावर असतं आणि कान बाहेरच्या आवाजांबरोबर इकडेतिकडे फिरतात. पेटू लागलेलं मांजर आधी गोठतं. हनुवटी खाली येते, मान पुढे ताणली जाते, कान आडवे होत मागे वळतात. शेपटीचं फक्त टोक थाडथाड हलतं, मग अख्खी शेपूट जमिनीवर आपटते. पाठीच्या कातडीवर लाट धावावी तशी सळसळ दिसते. उजेड असूनही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्या होतात. त्यानंतर घशातून खालच्या पट्टीतला, लांबत जाणारा आवाज येतो; तो आला की शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी पिंजारलेली असते. पहिल्या दोन खुणांवरच तुम्ही हलायचं आहे. आवाजापर्यंत थांबलात तर उशीर झाला.

अशा वेळी मांजराला हात लावायचा नाही. कुरवाळून शांत करायला जाणारे सर्वांत जास्त चावून घेतात, आणि तेही मायेपोटी, म्हणून हे ठासून सांगते आहे. उचलायचं नाही, ओरडायचं नाही, पाण्याचा फवारा मारायचा नाही, चप्पल फेकायची नाही. शिक्षेने खळबळ वाढते आणि राणीच्या मनात त्या प्रसंगाला तुम्हीही जोडल्या जाता. आधी दुसऱ्या मांजराला, मुलांना, पाहुण्यांना खोलीबाहेर काढा, तेही पळापळ न करता. मग शक्य असेल तर पडदा ओढा, दिवा मालवा, दार लावून घ्या. मांजर खोलीबाहेर न्यावंच लागणार असेल तर पुठ्ठ्याचा मोठा खोका उलगडून त्याची ढाल करा, साधारण ६० बाय ९० सेंटीमीटरची. ती जमिनीला टेकवून हळूहळू पुढे सरकवत मांजराला रिकाम्या खोलीच्या दाराकडे वळवा. पुठ्ठ्याच्या वरून वाकून पाहू नका. पायात बूट आणि जाड जीन्स असावी. तुमच्याकडेच रोखून पाहत असेल तर पाठ फिरवून पळू नका. नजर खाली, अंग थोडं तिरपं, एखादी उशी पायांपुढे धरून एक-एक पाऊल मागे.

दोघांची जुंपलेली असेल तर मध्ये हात घालण्याचा मोह आवरा. जाड गोधडी दोघांच्या अंगावर टाका किंवा पुठ्ठा मध्ये सरकवा. क्षणभर सुटले की एकाचा रस्ता मोकळा ठेवून दुसऱ्याच्या बाजूचं दार लावा. स्टीलचं ताट आपटून आवाज करणं अगदी शेवटचा उपाय. त्याने सुटतात, पण दोघांची भीती दुप्पट होते.

ज्या खोलीत राणी राहील तिथे लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे), पाणी, खाणं, आडवा ठेवलेला एक खोका आणि तुमचा वापरलेला टीशर्ट आधीच असू द्या. खोली अंधारी, पंखा चालू. पहिले काही तास आत जाऊन चौकशी करत बसू नका.

आता तुमच्या आजच्या स्थितीकडे येते. पाच दिवस हे दोघं एकाच घरात मोकळे आहेत, म्हणजे रोज थोडीथोडी भीती मुरते आहे. आजच वेगळं करा, आणि वेगळं म्हणजे पूर्ण वेगळं: बंद दार, एकमेकांचं दर्शन नाही. मोठी बेडरूम एकाला, उरलेलं घर दुसऱ्याला. दाराखाली दोन बोटं फट असेल तर टॉवेलची गुंडाळी लावा, नाहीतर पंजे आत-बाहेर होऊन तिथेच रणांगण होईल. दर १२ तासांनी जागांची अदलाबदल करा. बदल करताना एकाला बाथरूममध्ये थांबवा, म्हणजे वाटेत गाठ पडणार नाही. ही अदलाबदल महत्त्वाची आहे. दोघांनाही सगळ्या घराची सवय राहते आणि एकमेकांच्या वासावर झोपायला लागतं.

यासोबत खिडकीचं काम. हे केलं नाही तर बाकीचं सगळं वाया जातं. त्या बोक्याला ती जागा ठाऊक झाली आहे, तो पुन्हा येणार. काचेवर चिकटवायच्या फिल्मवर पैसे घालण्याआधी आठ दिवस काचेच्या खालच्या भागावर आतून बटर पेपर किंवा जुनी वर्तमानपत्रं चिकटवून पाहा. त्याने राणीची गस्त थांबली तर दुधी रंगाची प्रायव्हसी फिल्म आणा. एक लिटर पाण्यात शॅम्पूचे चार-पाच थेंब घालून काच ओली करायची, फिल्म टेकवायची आणि जुन्या एटीएम कार्डाला कापड गुंडाळून मधून कडेकडे बुडबुडे काढायचे. एसीचं युनिट खिडकीच्या पातळीला असेल तर युनिटच्या वर आणखी ६० सेंटीमीटरपर्यंत फिल्म हवी, कारण बोका उभा राहतो. त्याच्या वरचा भाग मोकळा ठेवा. राणीला तिथून आकाश आणि कावळे दिसू देत, खिडकी तिच्याकडून पूर्ण हिरावून घेऊ नका.

सरकत्या खिडक्यांमध्ये एक गोची होते. काचेला फिल्म लावली जाते, पण काच सरकवली की मच्छरदाणीची जाळी उघडी पडते, आणि त्या जाळीतून दिसतंही आणि वासही येतो. सध्या त्या बाजूची काच बंद ठेवा, हवा दुसऱ्या खिडकीने घ्या. बाल्कनी असेल तर कठड्याला बांबूची चिक बांधा. बोका ज्या मार्गाने वर येतो तो शोधा: डक्टमधले पाइप, खालच्या मजल्याचा पत्रा, झाडाची फांदी. एसीच्या युनिटची जागा कबुतरांच्या जाळीने बंद करता येते. जाळीवाले ते तासाभरात करून देतात. टोकदार खिळे, काचा, ग्रीस असलं काही लावू नका.

मोकाट बोक्याला हाकलून भागत नाही, त्याची जागा दुसरा घेतो. त्याची नसबंदी करून घ्या. तुमच्या भागातल्या प्राणिमित्र संस्था पिंजरा देतात, शस्त्रक्रियेनंतर कानाचं टोक थोडं कापून खूण करतात आणि त्याच जागी परत सोडतात. नसबंदीनंतर हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, पण रात्रीचं ओरडणं, भटकणं आणि दारादारांवर लघवीचा फवारा मारणं पुष्कळच कमी होतं. सोसायटीत मांजरांना खाऊ घालणारे काका-काकू असतील तर भांडू नका. वाटीची जागा इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, ठरलेल्या वेळी, आणि अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं, एवढं पटवा. तुम्ही स्वतः खालच्या मांजरांना हात लावत असाल तर चपला दाराबाहेर ठेवा आणि घरात आल्यावर आधी हात धुवा. राणी तुमच्या सलवारीच्या टोकाचा वास पाच मिनिटं घेत बसते, त्यात त्याच बोक्याची बातमी असते.

आपल्या फ्लॅटांमध्ये खिडकीइतकंच मुख्य दार महत्त्वाचं. सेफ्टी डोअरची जाळी आणि खालची फट यातून जिन्यातलं मांजर नाकाला नाक लावू शकतं. जाळीच्या आतून खालच्या तीन फुटांपर्यंत पत्रा किंवा अ‍ॅक्रिलिक शीट बसवा. दारावर, पायपुसण्यावर फवारा मारलेला असेल तर फिनाईलने पुसू नका. फिनाईलमधले घटक मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, पंजांवरून चाटण्यात ते पोटात जातं. शिवाय आपल्याला वास गेला असं वाटतं, मांजराला तो तसाच येत असतो. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइम क्लीनर शिंपडून १०-१५ मिनिटं भिजू द्या, टिपून घ्या, पुन्हा करा. ते नसेल तर एन्झाइमवाल्या कपड्यांच्या पावडरीचं कोमट पाणी, मग साधं पाणी, वाळल्यावर सर्जिकल स्पिरिट. पॉलिश केलेल्या लाकडावर आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघा. पायपुसणं सरळ फेकून द्या.

दोघं वेगळे, खिडकी झाकलेली, बोक्याचा बंदोबस्त सुरू. आता पुन्हा जुळवणी. ती कधी सुरू करायची याचं उत्तर घड्याळात नाही, मांजरांत आहे. दोघंही आपापल्या जागी नेहमीसारखं जेवतात, अंग चाटतात, लिटर ट्रे वापरतात, खेळतात, तुमच्याकडे शेपूट उभी करून येतात, असे सलग दोन-तीन दिवस गेले की पुढे जा. नुकतीच, एकदाच झालेली चकमक असेल आणि लगेच वेगळं केलं असेल तर २४ ते ४८ तासांत हे दिसू शकतं. तुमच्याकडे दोनदा मारामारी आणि पाच दिवस ताण झाला आहे, तेव्हा तीन ते सहा आठवड्यांची तयारी ठेवा.

वासापासून सुरुवात. दोन स्वच्छ मोजे घ्या. एक राणीच्या गालांवर, ओठांच्या कडेला, डोळे आणि कान यांच्या मधल्या विरळ केसांच्या जागेवर फिरवा, दुसरा पिठूच्या. राणीचा मोजा पिठूच्या खाण्यापासून दोन हातांवर ठेवा, पिठूचा राणीच्या. हुंगून जेवायला लागले तर उत्तम. मोज्याला पाहूनही फिस्कारत असतील तर तो आणखी लांब, घाई नाही.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. हा टप्पा लोक उरकतात, आणि गाडी इथेच रुळावरून घसरते. पहिल्या दिवशी दोन्ही वाट्या दारापासून दोन मीटरवर. रोजचं एकूण खाणं तेवढंच ठेवा, पण चार-पाच छोट्या हप्त्यांत वाटा, म्हणजे सराव जास्त होतो. प्रत्येक शांत जेवणानंतर वाटी १०-१५ सेंटीमीटर दाराकडे. शांत जेवण म्हणजे काय हे नीट पाहा. घास घेतला, दाराकडे एकदा बघितलं, कान वळवले, पुन्हा घास घेतला, तर ते चालेल. बकाबका गिळून पळालं, किंवा खाता खाता थांबून दाराला डोळे लावून बसलं, तर पुढच्या वेळी वाटी अर्धा मीटर मागे. पोट भरलेलं मांजर सरावाला बसत नाही, म्हणून वाटीत दिवसभर कोरडं खाणं भरून ठेवायची सवय या काळापुरती बंद करा. मात्र उपाशीही ठेवू नका; मांजराने सलग दोन दिवस न खाणं यकृतासाठी धोक्याचं असतं, लठ्ठ मांजरासाठी तर फारच.

दाराला वाट्या टेकल्या आणि तरी दोघं निवांत, मग नजरेची ओळख. दार उघडून चौकटीत जाळी बसवा. मुलांसाठीचं बेबी गेट एकावर एक दोन लावता येतं, किंवा लाकडी चौकटीला वेल्डमेश (तारेची जाळी) ठोकून सुतार एका दिवसात करून देतो. जाळीवर आधी चादर टाका आणि खालून पाच सेंटीमीटर वर उचला. फक्त पंजे दिसू देत. दोन दिवसांनी दहा सेंटीमीटर. वाट्या पुन्हा दोन मीटर मागे न्यायला विसरू नका. नवा टप्पा सुरू झाला की अंतर परत वाढवायचं असतं. पहिली भेट दोन-तीन मिनिटांची. खाणं संपायच्या आत चादर खाली. दोघांनी एकमेकांना पाहिलं, मान वळवली आणि खाण्याकडे परतले, हे तुम्हाला पाहायचं आहे. फिस्कारणं एकदा झालं तर गोंधळू नका, अंतर वाढवा. रोखून पाहणं मात्र फिस्कारण्यापेक्षा वाईट. फिस्कारणारा "लांब राहा" म्हणतो. न हलता, न पापणी लवता रोखणारा हल्ल्याची तयारी करतो. तसं दिसलं की मध्ये पुठ्ठा सरकवा, काही न बोलता सत्र संपवा.

जाळीच्या दोन्ही बाजूंना खेळणंही सुरू करा, दोन माणसं, दोन वेगळ्या काठ्या. एकच काठी दोघांत फिरवली तर शिकारीवरून चुरस लागते.

जाळी काढून मोकळी भेट सर्वांत शेवटी. दोघांना आधी दमेपर्यंत खेळवा, जेवायच्या वेळी, मोठ्या खोलीत, दोन टोकांना दोन ताटल्या. प्रत्येकाजवळ दोन्ही बाजूंनी वाट असलेला खोका, आणि चढायला उंच जागा. पुठ्ठ्याची ढाल तुमच्या हाताशी. पाच मिनिटं, आणि सगळं छान चाललेलं असतानाच संपवा. पहिले दोन आठवडे तुम्ही घरी नसताना आणि रात्री दार बंदच.

एखाद्या दिवशी घसरलं तर पहिल्यापासून सगळं नको. एक टप्पा मागे, तीन दिवस तिथेच. खरी मारामारी झाली तर मात्र पुन्हा पूर्ण वेगळं.

आता लिटर ट्रे किती हवेत ते. दोन मांजरांना तीन, आणि तिन्ही एका ओळीत बाथरूमबाहेर ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच झाला. वेगवेगळ्या खोल्यांत, आणि एकही असा नको की जिथे जाताना दुसऱ्यासमोरून जावं लागेल. पाण्याच्या वाट्या, झोपायच्या जागा, ओरबाडायचे खांब यांनाही हेच लागू. फ्लॅट छोटा असेल तर भिंतीवर २५ सेंटीमीटर रुंद फळ्या ठोका, एकाहून जास्त ठिकाणी चढ-उतार ठेवा. एकच जिना असला तर वर बसलेला खालच्याची कोंडी करतो.

औषधांबद्दल. फेरोमोनचे (मांजरांना निवांत करणाऱ्या गंधद्रव्याचे) सॉकेटला लावायचे डिफ्यूझर मिळतात. काही घरांत उपयोग होतो, काहींत काहीच फरक पडत नाही. लावायचा तर दोघांच्या खोल्यांत एकेक, सोफ्याच्या मागे नाही, मोकळ्या सॉकेटला, किमान महिनाभर. त्याच्या भरवशावर टप्पे गाळू नका. सुगंधी तेलांचे डिफ्यूझर वेगळे, ते मांजरांना विषारी ठरू शकतात, बंद करा.

राणी दोन आठवड्यांनंतरही खिडक्यांवर गस्त घालत असेल, किंवा माणसांवर पुन्हा धावली, तर व्हेटकडून औषधाचा विचार व्हायला हवा. गॅबापेंटिन हे ठरावीक प्रसंगासाठी, साधारण दोन-तीन तास आधी देतात. त्याने झोप येते, चाल डगमगते, म्हणून उंच फळ्यांवरून त्या दिवशी उतरवून ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला मात्रा कमी लागते. दीर्घकाळासाठी फ्लुओक्सेटिन, साधारण दर किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम रोज एकदा. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला भूक मंदावते, म्हणून आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका. माणसांची १० किंवा २० मिलिग्रॅमची कॅप्सूल घरी उघडून चिमूटभर देणं म्हणजे डोळे झाकून मोजणं आहे. चार किलोच्या मांजराला लागणारी मात्रा त्यातून हाताने निघत नाही. ओळखीच्या केमिस्टकडून डायझेपाम आणून तर नकोच. तोंडावाटे दिलेल्या डायझेपामने काही मांजरांचं यकृत अचानक निकामी होतं, आणि भीतीने धरलेला आवर सुटून चावणं उलट वाढू शकतं.

व्हेटकडे जाण्याचं दुसरं कारण: दुखणं. दात, सांधे, लघवीची जळजळ असलेलं मांजर आधीच कडेलोटावर असतं, बाहेरचा बोका फक्त शेवटचा धक्का देतो. राणी सहाची आहे, तेव्हा तोंड, पोट, सांधे तपासून लघवी आणि रक्ताची साधी तपासणी पुरेल. दहाच्या पुढचं मांजर असतं तर थायरॉइड आणि रक्तदाबही पाहायला सांगितलं असतं, कारण वाढलेल्या थायरॉइडने मांजर चिडखोर होतं आणि रक्तदाबाने नजर जाऊ शकते. कुठलंही बाहेरचं कारण न सापडता हल्ले होत असतील तर वागणुकीआधी शरीर तपासा.

व्हेटकडून परतताना नवी ठिणगी पडू शकते, हेही लक्षात घ्या. एकटी राणी दवाखान्यात गेली तर ती स्पिरिट आणि परक्या कुत्र्यांचा वास घेऊन येते, आणि पिठू तिला ओळखत नाही. परत आल्यावर तिला २४ तास वेगळ्या खोलीत तिच्या जुन्या चादरीवर राहू द्या. एरवीही हीच पद्धत कायमची ठेवा.

गणपतीतले ढोल आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी आठवडाभर आधी. यंदा तरी त्या संध्याकाळी दोघांना दोन खोल्यांत ठेवा, बाहेरचा आवाज सुरू होण्याच्या तासभर आधीच. खिडक्या बंद, पंखा चालू, कपाटाचा खालचा कप्पा लपायला मोकळा. मागच्या वर्षी राणी फटाक्यांनी थरथरत होती असं असेल तर गॅबापेंटिनची चाचणी मात्रा दिवाळीआधी एका साध्या दिवशी देऊन पाहा. किती झोपते ते कळतं.

हे सगळं नीट करूनही काही जोड्या जुळत नाहीत. तीन-चार महिने प्रामाणिक प्रयत्न आणि औषध दोन्ही झाल्यावरही पिठू पलंगाखालून बाहेर येत नसेल, तर घराचे कायमचे दोन भाग करून राहणारी कुटुंबं आहेत, किंवा त्याला मांजर नसलेलं चांगलं घर शोधता येतं. तो निर्णय घ्यावा लागला तर त्याची लाज वाटू देऊ नका. पण पाचव्या दिवशी तो घेण्याचं काहीही कारण नाही, कारण साडेतीन वर्षं एका उशीवर झोपलेल्या दोघांकडे परत यायला जागा आहे.

ते परत एकमेकांना चाटू लागले तरी खिडकीची फिल्म काढू नका, आणि पुठ्ठ्याची ती ढाल हॉलच्या दारामागे उभी राहू दे.